सायकलीवरून ग्लेन्कोच्या दरींत

ब्रिटन बेटाच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल परगण्यांत लँड्स एंड नांवाचें ठिकाण आहे, आणि ईशान्य टोंकास, स्कॉटलंडच्या शेवटीं, जॉन ओ ग्रोट्स नांवाचें लहानसें गांव आहे. आपल्याकडे काशी-रामेश्वर हीं दोन नांवें जशीं एका श्वासांत उच्चारलीं जातात, तशींच तिकडे हीं दोन. रस्त्यानें हें अंतर सुमारें ८७४ मैल भरतें. १८७१ सालीं जॉन व रॉबर्ट नेलर या बंधूंनीं उत्तरेकडून निघून तें पायीं काटलें. १८८० सालीं ब्लॅकवेल व हार्मन या दोन गृहस्थांनीं सायकलीवरून तेरा दिवसांत तें पार केलें; १८८६ सालीं जी. पी. मिल्स या तरुणानें पुढचें चाक उंच असणाऱ्या जुन्या सायकलीवरून पांच दिवस, एक तास व पंचेचाळीस मिनिटांत ही मजल मारली. २०१८ सालीं मायकेल ब्रॉडविथ यानें तेंच अंतर त्रेचाळीस तास पंचवीस मिनिटांत संपविलें. आम्ही ज्या मंडळींबरोबर गेल्या जून महिन्यांत या वाटेनें गेलों, त्यांनीं मात्र पंधरा दिवसांची बेताची योजना आंखली होती. त्यांतील अकराव्या दिवसाची हकीकत वाचकांस सादर करावी, असें मनांत आहे.

प्रथम या यात्रेचें प्रयोजन सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत अशी चाल आहे कीं, एखाद्या धर्मार्थ संस्थेसाठीं पैसा जमवावयाचा असला म्हणजे कोणी तरी एखादें कष्टाचें काम अंगावर घेतो, आणि त्याचे नातलग, शेजारी व कचेरींतील सोबती त्या कष्टाच्या निमित्तानें त्या संस्थेस देणगी देतात. देणारा तेथील करदाता असला, तर एका पौंडामागें सरकार आपले पंचवीस पेन्स त्यांत घालतें. आमची अकरा जणांची तुकडी ज्या संस्थेसाठीं निघाली होती ती एक हॉस्पिस होती. म्हणजे ज्यांचा रोग आतां बरा होणार नाहीं, अशा माणसांचें शेवटचें राहणें वेदनारहित व आपुलकीचें व्हावें यासाठीं चालविलेलें घर. या कल्पनेला आधुनिक रूप दिलें तें सिसिली सॉन्डर्स या बाईंनीं. त्या आधीं परिचारिका होत्या, मग रुग्णांच्या सामाजिक सेवेंत काम करीत, आणि त्यानंतर मोठ्या वयांत वैद्यकी शिकून डॉक्टर झाल्या. त्यांनीं १९६७ सालीं लंडनच्या दक्षिण भागांत सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलें. आपल्या देशांतील पहिलें हॉस्पिस, शांति आवेदना, १९८६ सालीं मुंबईस वांद्र्याला निघालें.

आमच्या वहिनींचे शेवटचे एकोणीस दिवस इंग्लंडांतील अशाच एका घरीं गेले. त्यांची कन्या, म्हणजे आमची पुतणी, हीहि या तुकडींत होती. किंबहुना तिच्याच आग्रहावरून आम्ही पन्नाशी उलटल्यावर पुन्हा सायकलीवर बसलों. ती परिचारिकेचें काम करते.

निघण्यापूर्वीं पुण्याच्या आमच्या आत्याबाईंना फोनवर हा बेत सांगितला. त्यांचें वय ब्याऐंशीं. त्या म्हणाल्या, "अरे, पैसे द्यायचे तर घरबसल्या द्या. पायांना शिक्षा तुमच्या, पैसा परक्यांचा, आणि औषध तिसऱ्याला. हा कुठला हिशेब? तुझी वहिनी असती तर तिनं तुला पाटावर बसवून जेवायला वाढलं असतं, पावसांत नसतं पाठवलं." या बोलण्यांत थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती. गीतेनें दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं कोणत्या प्रकारांत ही सायकलवारी बसते, हा प्रश्न दहा दिवस चाकाबरोबर आमच्या डोक्यांत फिरत होता.

अकराव्या दिवशीं सकाळीं साडेसहा वाजतां आम्ही लॉख लोमंड या सरोवराच्या दक्षिण टोंकास असलेल्या बॅलख गांवाहून निघालों. फोर्ट विल्यम हा त्या दिवसाचा मुक्काम. अंतर सुमारें पंचायशीं मैल. क्षेत्रफळानें पाहतां लॉख लोमंड हें ब्रिटन बेटांतील सर्वांत मोठें सरोवर. एकाहत्तर चौरस किलोमीटर. त्या वेळीं पाणी इतकें निश्चल होतें कीं, पलीकडचा बेन लोमंड डोंगर त्यांत उलटा उभा होता. टार्बेटपर्यंत सतरा मैल पाण्याच्या कांठानें सायकलींसाठीं राखलेली वाट आहे. वारा पडलेला, हवा ओलसर. आणि म्हणूनच आम्ही पाणी पिण्यासाठीं थांबलों तों मिज नांवाच्या बारीक चिलटांनीं आम्हांस घेरलें. हा कीटक वारा ताशीं सातेक मैलांहून अधिक असला म्हणजे उडूं शकत नाहीं. तेव्हां स्कॉटलंडांत प्रवाशानें वारा मागावा कीं मागूं नये, हा विचारच आहे.

वारा लवकरच आला. हा प्रवास बहुतेक लोक दक्षिणेकडून उत्तरेकडे करितात, कारण या बेटावर वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि तो पाठीशीं असलेला बरा. पण हाच वारा अटलांटिक महासागरावरून कमी दाबाचीं वर्तुळें एकामागून एक घेऊन येतो. एक पाऊसपट्टा निघून गेला कीं त्याच्या मागून थंड हवा येते. तिला खालचा समुद्र ऊब देतो, ती उसळून वर चढते, आणि तिचे सुटे सुटे ढग होतात. मग सर, ऊन, पुन्हा सर, असा क्रम चालतो. आपला आषाढ एकदां बसला म्हणजे बसतो. श्रावणांत मात्र ऊन आणि पाऊस यांचा लपंडाव चालतो. तिकडे बारा महिने श्रावण आहे, पण त्याला ऊब नाहीं.

सरोवर संपून ग्लेन फॅलखचा चढ सुरू झाला तेव्हां पहिली सर आली. अंगावरचे पावसाळी कोट चढवावे तों ती थांबली. कोट काढावे तों दुसरी आली. तिसऱ्या वेळेपासून कोणी कोट काढण्याच्या भानगडींत पडलें नाहीं. घामानें आंतून आणि पावसानें बाहेरून भिजत आम्ही क्रियानलारिख ओलांडून टिंड्रम गांवीं पोंचलों. या गांवाच्या गेलिक नांवाचा अर्थ 'डोंगराच्या कण्यावरचें घर' असा आहे. येथें मोटारी, मालगाड्या, पायीं फिरणारे, सर्वच थांबतात. आम्हीं गरम सूप घेतलें आणि पुतणीनें आपल्या पिशवींतून डिंकाचे लाडू काढून सर्वांना एकेक दिला. वहिनींच्या हातचे नव्हेत, पण त्यांच्याच वहींतल्या मापानें केलेले. आमच्या तुकडींत एक निवृत्त शाळामास्तर होते, वय सदुसष्ट. त्यांनीं लाडू चाखून हें औषध आहे कीं मिठाई, असें विचारलें. दोन्ही, असें आम्हीं सांगितलें.

तेथें एक गोष्ट घडली. आमच्या अंगरख्यांवर हॉस्पिसचें नांव छापलेलें होतें. तें वाचून मालगाडीचा एक धिप्पाड चालक आमच्या मेजापाशीं आला, खिशांतील नाणीं काढून त्यानें मेजावर ठेवलीं, आणि उभ्याउभ्याच आपल्या आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बोलूं लागला. पांच मिनिटें तो बोलला. मग "फार वेळ घेतला" म्हणून निघून गेला. पुतणी म्हणाली, "काका, असे रोज दोन-तीन तरी भेटतात. पैशांपेक्षां त्यांना बोलायचं असतं." आम्हीं मोजून पाहिलें, अकरा दिवसांत अशा तीसांहून अधिक लोकांनीं आम्हांस आपापल्या घरचें एकेक मरण सांगितलें होतें. सुटाबुटांत बसून देणगीचें पत्र लिहिणाऱ्यास हें कोणी सांगत नाहीं. भिजलेल्या, दमलेल्या माणसापुढें लोकांची जीभ मोकळी होते.

आपल्याकडे हें अगदींच अपरिचित आहे, असें नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं पैसा फंडासाठीं दारोदार फिरून एकेक पैसा मागितला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांवचा कांचेचा कारखाना उभा राहिला. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, आणि त्याच्यासाठीं गांवोगांव पायपीट केली. ज्याला दुसऱ्यासाठीं मागावयाचें आहे, त्यानें स्वतः कांहीं सोसलेलें असावें, हा संकेत आपल्या लोकांनाहि ठाऊक होता. एवढ्यानें आत्याबाईंच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळालें, असें आम्हांस वाटलें. उरलेलें अर्धें पुढच्या वीस मैलांत होतें.

ब्रिज ऑफ ऑर्की या वस्तीनंतर लॉख टला सरोवराला वळसा घालून रस्ता नागमोडी चढतो आणि रॅनख मूरच्या विस्तीर्ण माळावर येतो. येथें त्याची उंची साधारण साडेतीनशें मीटर आहे. हा माळ म्हणजे सुमारें पन्नास चौरस मैलांचें ओसाड दलदलीचें पठार. झाड जवळजवळ नाहीं, घर नाहीं, नुसतीं काळीं डबकीं, करडे दगड आणि कुजलेल्या शेवाळाचे थर. शेवटच्या हिमकाळाच्या अखेरीस स्कॉटलंडवरील बर्फाच्या थराचें केंद्र येथेंच होतें. पूर्वेच्या बाजूनें वेस्ट हायलंड रेल्वे जाते. ती १८९४ सालीं सुरू झाली. जमीन इतकी पोकळ कीं, रुळांसाठीं झाडांच्या मुळ्या व फांद्या अंथरून वर हजारों टन माती व राख टाकावी लागली. त्या बिछान्यावर आजहि रूळ जणूं तरंगत आहेत.

या माळावर, लॉख बा नांवाच्या पाण्यापाशीं, ऊन लख्ख पडलेलें असतांना पश्चिमेकडून एक पांढरी भिंत चालत येतांना दिसली. दहा मिनिटांत गारा सुरू झाल्या. जून महिना असून बोटें बधिर झालीं. आमच्या तुकडीचे दोन भाग झाले होते. सामानाची गाडी व सहा जण पुढें दरीकडे गेले होते, मागें आम्ही पांच. त्याच वेळीं पुतणीच्या मागच्या चाकांतील हवा गेली. हवेच्या धावेची कल्पना ज्यांना सुचली ते रॉबर्ट थॉमसन (१८४५) आणि तिला सायकलीच्या चाकावर आणणारे जॉन डनलॉप (१८८८), हे दोघेहि स्कॉटलंडचेच. त्यांच्याच देशांत त्यांची धाव चाकावरून उतरवावयास आम्हां पांच जणांच्या दहा हातांना पंचवीस मिनिटें लागलीं.

ट्यूब बदलून झाली तेव्हां मास्तरांकडे आमचें लक्ष गेलें. ते दगडावर बसले होते. आधीं ते जोरानें कुडकुडत होते. आतां कुडकुडणें थांबलें होतें आणि त्यांचे शब्द जड, बोबडे येत होते. पुतणीनें त्यांचा हात धरला आणि तिचा चेहरा पालटला. शरीराचें उष्णतामान उतरूं लागलें म्हणजे कुडकुडणें थांबणें ही सुधारणा नव्हे, उलट धोक्याची खूण आहे, हें तिनें आम्हांस नंतर सांगितलें. त्या वेळीं ती इतकेंच म्हणाली कीं, यांना आतांच्या आतां वाऱ्यांतून हलविलें पाहिजे. फोन लागत नव्हता. मास्तर हात झटकून म्हणत होते, "मी ठीक आहे. मला कोणाची मदत नको. तुम्ही पुढें व्हा."

आम्हीं रस्त्यावर उभें राहून हात केले. तिसरी गाडी थांबली. घरासारखी सोय असलेली ती मोटार होती, आणि तींत एक वृद्ध पतिपत्नी होतीं. त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. मास्तरांना आंत घेतलें, पुतणीनें त्यांचे ओले कपडे उतरवून कोरड्या गोधड्यांत गुंडाळलें, बाईंनीं शेगडी पेटविली. मास्तर तरीहि "नको, नको" म्हणतच होते. त्यांच्या तोंडाला गोड चहाचा पेला लावतांना पुतणी त्यांना इंग्रजींत जें बोलली त्याचा आशय असा होता: "माझी आईहि असेंच म्हणायची. आयुष्यभर तिनें सगळ्यांना वाढलें. पण तिला कोणी भरवलेलें तिला चालत नसे. शेवटच्या आठवड्यांत तिनें एका अनोळखी मुलीला आपले केस विंचरूं दिले. त्या दिवशीं ती पहिल्यांदा शांत झोपली. तुम्हीहि घ्या."

मास्तरांनीं चहा घेतला. आम्ही दाराशीं उभे होतों. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या प्रत्येकाला अशी एक वहिनी, काकू किंवा आजी ठाऊक असते, जी सर्वांत शेवटीं जेवते आणि आजारी पडली तरी उठून चूल पेटवूं पाहते. देण्याची सवय तिला आपण लावतों. घेण्याची सवय तिला कोणी लावीत नाहीं. मग एक दिवस शरीर थकतें आणि घेण्यावांचून गत्यंतर नसतें, तेव्हां तिला वेदनेपेक्षां तोच संकोच अधिक जाळतो. वहिनींचा तो संकोच आम्ही सर्वांनीं पाहिला होता. घरांत आम्हां कोणाला तो दूर करतां आला नाहीं. त्या घरच्या परिचारिकांना आला. आम्ही ज्याच्यासाठीं पैसा जमवीत होतों तें औषध नव्हे, खाटहि नव्हे. ही कला होती. आत्याबाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग तेथें सुटला. दात्याच्या आसनावर कायमचें बसलेल्या माणसाला दान पुरतें कळत नाहीं. कधीं तरी त्यानें भिजून, थरथरत, परक्याच्या दारीं उभें राहिलें पाहिजे.

तासाभरानें मास्तरांचे शब्द नीट येऊं लागले. त्यांना त्याच गाडींतून पुढें पाठविलें, आणि आम्ही चौघे पुन्हा निघालों. आतां आकाश धुतल्यासारखें होतें. माळ संपतांच ब्वाखल एटिव्ह मोर हा १०२१ मीटर उंचीचा एकांडा पहाड समोर ठाकला, आणि तेथून रस्ता ग्लेन्कोच्या दरींत उतरूं लागला. आपल्या ताम्हिणी घाटाची आठवण व्हावी, असे दोहों बाजूंना काळे कडे आणि त्यांवरून उतरणारे शुभ्र ओढे. फरक इतकाच कीं, येथें झाडी नाहीं. डोंगर आपलीं हाडें झांकीत नाहींत.

या दरीची एक दुःखद कथा आहे. तिसऱ्या विल्यम राजाशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ सर्व डोंगरी सरदारांनीं १ जानेवारी १६९२ पर्यंत घ्यावी, अशी आज्ञा होती. ग्लेन्कोच्या मॅक्डोनल्ड घराण्याच्या प्रमुखाला पोंचण्यास कांहीं दिवस उशीर झाला. त्यानंतर सरकारी सैनिक दरींत आले. गांवकऱ्यांनीं त्यांना घरोघरीं ठेवून घेतलें, सुमारें दोन आठवडे जेवूं घातलें. आणि १३ फेब्रुवारीच्या पहांटे त्याच सैनिकांनीं आपल्या यजमानांची कत्तल केली. सुमारें अडतीस माणसें मारलीं गेलीं, असें परंपरेनें सांगतात; आणखी कितीक बर्फांत पळतांना गारठून गेलीं. त्या काळच्या युद्धांत यापेक्षां मोठ्या कत्तली झाल्या, पण स्कॉटलंडनें ही विसरली नाहीं. कारण मेलेल्यांनीं मारणाऱ्यांना अन्न घातलें होतें. विश्वासघातानें केलेला वध हा स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यांत साध्या खुनाहून अधिक घोर गुन्हा मानला जाई.

हॉस्पिस हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून निघाला, त्याचा अर्थ पाहुणचार असाच आहे. आपला 'अतिथि' म्हणजे ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो. आपल्या पूर्वजांनीं अतिथीला देव मानावयास सांगितलें, तें तो नेहमीं गोड असतो म्हणून नव्हे; दार उघडणारा आणि दारीं आलेला या दोघांनाहि एकमेकांवर विश्वास टाकण्यावांचून उपाय नसतो म्हणून. ज्या दरींत त्या विश्वासाचा घात झाला, तिच्याच वरच्या माळावर दोन वृद्धांनीं त्याच दुपारीं तो पाळला होता.

बॅलाखुलिश येथें पूर्वीं होडीनें खाडी ओलांडावी लागे. १९७५ पासून पूल आहे. पुलावर वारा इतका आडवा होता कीं, सायकली हातांत धरून चालावें लागलें. पुढें खाडीच्या कांठानें शेवटचे चौदा मैल. आणखी दोन सरी आणि एक दुहेरी इंद्रधनुष्य झाल्यावर फोर्ट विल्यम दिसलें. त्याच्या मागें बेन नेव्हिस, १३४५ मीटर, ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर. तें अर्थातच ढगांत होतें. त्याच्या माथ्यावर १८८३ पासून १९०४ पर्यंत हवामानाची वेधशाळा चालत होती, आणि तेथील लोक हिंवाळ्यांतहि तासातासाला नोंदी घेत. वर्षाला सुमारें चार हजार मिलिमीटर पर्जन्य त्या माथ्यावर पडतो. आपल्या महाबळेश्वरास याहून अधिक पडतो, पण तो मुख्यतः चार महिन्यांत उरकतो. १८९४ सालीं सी. टी. आर. विल्सन हे तरुण शास्त्रज्ञ या वेधशाळेंत कांहीं दिवस राहिले. ढगांवर सूर्यकिरणांनीं होणारीं रंगीत कडीं पाहून तीं प्रयोगशाळेंत निर्माण करावीं असें त्यांच्या मनांत आलें. त्यांतूनच सूक्ष्म कणांचा माग दाखविणारी मेघपेटी जन्मली, आणि १९२७ सालीं तिच्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या हवेला आम्ही दिवसभर बोल लावीत होतों, तिनें दुसऱ्या कोणाला एवढें दिलें होतें.

मुक्कामाला पोंचतांना पावणेआठ झाले होते आणि ऊन अजून लख्ख होतें. तिकडे जूनमध्यें रात्रीं दहापर्यंत उजेड असतो. मास्तर आधींच जेवून बसले होते. चार दिवसांनीं तेहि सायकलीवरूनच जॉन ओ ग्रोट्सला पोंचले.

एक गोष्ट येथें नमूद करणें अवश्य वाटतें. ही सेवा श्रीमंत देशांनाच परवडते, असें समजण्याचें कारण नाहीं. केरळांत १९९३ सालीं कोझिकोड येथें कांहीं डॉक्टरांनीं व नागरिकांनीं अशाच कामाची संस्था काढली. पुढें गांवोगांव शेजारीपाजारीच शिकून तयार झाले आणि घरोघरीं जाऊन असाध्य रुग्णांची शुश्रूषा करूं लागले. त्यांचा खर्च बव्हंशीं लोकांच्या लहान लहान देणग्यांतून चालतो. आपल्या आज्यांच्या वेळीं विद्यार्थ्यांसाठीं मुष्टिफंड असे. रोजच्या भातांतून एक मूठ तांदूळ निराळ्या डब्यांत पडत. तो डबा पुन्हा फडताळांत ठेवतां येईल. आणि ज्या घरीं सर्वांना वाढून शेवटीं पानावर बसणारी कोणी आहे, त्या घरच्या मंडळींनीं आठवड्यांतून एक दिवस तिला आधीं बसवून वाढावें. ती "नको, नको" म्हणेल. तरी वाढावें.